येतो म्हणणारी बाई

हसून हसून डोळ्यांतून पाणी आलेलं ते पिवळं तोंड मी ग्रुपवर पाठवलं तेव्हा दुपारचे साडेतीन झाले होते आणि पुढ्यात आठवीच्या निबंधाच्या वह्यांचा गठ्ठा होता. बेळगावचा पावसाळा. सकाळपासून एका लयीत, कसलीही घाई नसल्यासारखा पडणारा पाऊस, स्टाफरूमच्या कोपऱ्यात उघड्या ठेवलेल्या छत्र्या, ओल्या चपलांचा आणि ओल्या खडूचा वास. चहा कधीचा निवून वर साय धरून बसला होता. व्हिडिओ चाळीस-पंचेचाळीस सेकंदांचा असेल. सरकारी कागदपत्रं मराठीतूनही मिळावीत म्हणून २०२२ च्या जूनमध्ये शहरात मोर्चा निघाला होता, त्यातली एक बाई. साठीच्या पुढची, डोक्यावरून घेतलेला ओला पदर, हातभर हिरव्या बांगड्या, आणि तोंडाशी धरलेल्या माइककडे न बघता तो धरणाऱ्या पोराकडे बघून बोलणारी. "कागद कन्नडात येतंय की हो. आमास वाचाय येत न्हाई. पोरगा घरात असला तर त्यास विचारतो. नसला तर आंगठा घालतो आणि येतो. कशावर घालूलालो, काय म्हाईत?" एवढंच. मागून घोषणा आली, तिनं मूठ वर केली आणि व्हिडिओ संपला.

ग्रुप आपल्याच माणसांचा. नाव सांगत नाही, पण त्यात वाघ आहे. पुणे, ठाणे, डोंबिवली, नाशिक, दोघेतिघे अमेरिकेतले, आणि आम्ही बेळगाव, खानापूर, निपाणीचेच तीसेक. सीमाभाग महाराष्ट्रात आलाच पाहिजे याबद्दल तिथं दुमत नाही. १७ जानेवारीला सगळे सीमालढ्यातल्या हुतात्म्यांना वाहिलेली फुलं पाठवतात, १ नोव्हेंबरला, कर्नाटकाच्या राज्योत्सवाच्या दिवशी, सगळ्यांचे फोटो काळे होतात. अशा ग्रुपवर त्या बाईचा व्हिडिओ आला आणि पाच मिनिटांत पहिलं उत्तर पडलं, "येतो??? बाईच आहे ना ही?" दुसरं, "महाराष्ट्रात घेण्याआधी यांना दोन वर्षं सदाशिव पेठेत ठेवा." माझं पिवळं तोंड या दुसऱ्या वाक्यावर होतं. त्यानंतर डोंबिवलीच्या काकांनी लिहिलं, "कागद मराठीत दिला तरी हिला कळणार आहे का?" त्याच्याखाली अंगठ्यांची रांग लागली. ती बघून मी फोन पालथा घातला आणि वह्या पुढे ओढल्या.

खोटं कशाला बोलू, हसू आलंच होतं. सदाशिव पेठेचा विनोद शिळा असला तरी मी दोन वर्षं त्या पेठेच्या जवळपास काढलेली आहेत, त्यामुळे तो कळण्याचा एक छोटासा मान मला आहे, असं कुठेतरी वाटलं असणार. तो मान मिरवायला ते तोंड पाठवलं. संध्याकाळी घरी चपात्या लाटताना मात्र "आंगठा घालतो आणि येतो" हे वाक्य कानात वाजलं, आणि या वेळी ते माझ्या आईच्या आवाजात होतं. आई असंच बोलते. "मी जेवलो." "मी मळ्याकडं जाऊन येतो." "मी कवाचा उठलो, तूच झोपलीस." आमच्या भागातल्या बायकांचं 'मी' असंच चालतं. ते पुरुषी वगैरे नसतं. त्यात कसलीही बंडखोरी नाही. पुण्यातल्या एका अभ्यासू बाईंनी मला एकदा त्यात स्त्रीमुक्ती शोधून दाखवली होती, तेव्हा मी मान डोलावली, पण आईला हे सांगितलं असतं तर तिनं विचारलं असतं, भाकऱ्या झाल्या काय.

चपाती करपली.

१९९८ साली शिकायला पुण्याला गेले तेव्हा पहिल्याच सकाळी हॉस्टेलच्या बाथरूमबाहेर मी म्हणाले, "मी आंघोळ करून येतो, मग तू जा." रांगेतल्या चार मुली एकदम गप्प झाल्या आणि मग जे हसू फुटलं ते मला अजून टाइल्सवर आपटल्यासारखं ऐकू येतं. दुपारपर्यंत माझं नाव 'येतो' पडलं होतं. वाईट मुली नव्हत्या त्या. कुणी मला साबण दिला, कुणी पुस्तकं. एकीनं दिवाळीला घरी नेलं, तिथं तिच्या आईनं प्रेमानं विचारलं, "तुमच्याकडे सणाला काय करतात, इडली-डोसा का?" मी सांगितलं, करंज्या आणि चकल्या. त्या थोड्या हिरमुसल्या. माझ्या गावात १९४६ साली साहित्य संमेलन भरलं, माडखोलकर अध्यक्ष होते, संयुक्त महाराष्ट्राचा ठराव तिथं झाला, हे सगळं मी घरून पाठ करून गेले होते, कुणी विचारलं तर तोंडावर फेकायला. कुणी विचारलंच नाही. ठराव आमच्या गावात झाला आणि गावच बाहेर राहिलं, हे मी त्या दोन वर्षांत फक्त एकाच माणसाला सांगितलं, मेसच्या आचाऱ्याला. तो निपाणीचा होता.

तीन महिन्यांत मी 'येते' म्हणायला शिकले. सोपं नव्हतं. जिभेला वळण लावणं म्हणतात ते प्रत्यक्षात जिभेवर पहारा ठेवणं असतं. वाक्य सुरू करण्याआधी क्रियापद मनात उभं करायचं, त्याचा शेवट तपासायचा, मग तोंड उघडायचं. त्यामुळे मी कमी बोलणारी, शांत, विचारी मुलगी म्हणून प्रसिद्ध झाले. दसऱ्याला घरी आले आणि आईला म्हणाले, "मी दमले गं." आई माझ्या तोंडाकडे बघत राहिली. म्हणाली, "असं परक्यागत का बोलूलालीस?"

पण या गोष्टीत मी आजवर नेहमी सांगते तो भाग इथं संपतो. न सांगितलेला भाग असा की माझ्या शेजारच्या खाटेवर यवतमाळची एक मुलगी होती. ती म्हणायची, "मी येऊन राहिली ना." आम्ही दोघी पहिल्या महिन्यात एकमेकींच्या आधारानं राहिलो. रात्री दिवा मालवल्यावर दोघीच आपापल्या बोलीत बोलायचो, तिची बोली मला कळायची, माझी तिला अर्धी. मग माझं 'येते' पक्कं झालं. एका रात्री मेसमध्ये कुणीतरी मला म्हणालं, तिची नक्कल करून दाखव ना, तुला छान जमते. मी केली. फार चांगली केली, कारण मी तिचं बोलणं इतरांपेक्षा जास्त ऐकलं होतं. ती समोरच बसली होती. तिनं ताटातला भात संपवला, पेला विसळला आणि गेली. ती काही बोलली असती, भांडली असती, तर एव्हाना मी ते विसरलेही असते. त्या रात्रीपासून दिवा मालवल्यावर ती माझ्याशी शुद्ध बोलायला लागली.

आता मी मराठी शिकवते. आमच्या शाळेत येणाऱ्या मुली पश्चिम भागातल्या खेड्यांतून बसनं येतात, वडगावच्या विणकरांच्या गल्ल्यांतून येतात, उद्यमबागच्या फाउंड्रीत काम करणाऱ्यांच्या घरातून येतात. "टीचर, मी पाणी पिऊन येतो," असं त्या म्हणाल्या की माझ्या तोंडून आपोआप निघतं, "येतो नाही, येते." किती वेळा म्हटलं असेल? वीस-बावीस वर्षांत रोज चार-पाच वेळा धरलं तरी हिशेब करवत नाही. त्यांच्या भल्यासाठीच म्हणते. परीक्षेत मार्क जातात, पुढे पुण्याला गेल्या तर कुणी हसू नये. कुणी हसू नये म्हणून आधी मीच थोडीशी हसते. मुलगी 'येते' म्हणते, पाणी पिऊन येते, आणि बाकावर बसता बसता मैत्रिणीला सांगते, "आलो बघ." तेव्हा मला ऐकू आलं नसल्याचं मी दाखवते.

व्याकरणाच्या पुस्तकात कानडीतून मराठीत आलेल्या शब्दांची यादी असते. तूप, अडकित्ता, अण्णा, अक्का. ती मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. वरण-भातावर तूप वाढून घेताना कुणाला कानडीचा वास येत नाही, पण आमच्या बायकांच्या 'येतो'चा मात्र सगळ्यांना येतो. कन्नडात 'नानु बरतेनि' बाईही म्हणते आणि बाप्याही म्हणतो. 'मी येतो' आणि 'मी येते' असे दोन वेगळे खण त्या क्रियापदाला नाहीतच. इतकी शतकं भिंतीला भिंत लावून राहिल्यावर आमच्या बायकांच्या 'मी'नंही तो भेद सोडून दिला असेल, असं आपलं मला वाटतं. कोल्हापूरकडच्या बायकाही असंच बोलतात, त्यामुळे यावर पैज लावायला मी तयार नाही.

हे सगळं मी एका दुपारी आमच्या कन्नडच्या सरांना सांगितलं. सर गोकाककडचे. आमचं चांगलं जमतं, फक्त १ नोव्हेंबरला जमत नाही. त्या दिवशी त्यांच्या छातीवर लाल-पिवळी फीत असते आणि माझ्या दंडावर काळी. राज्योत्सवाची सुट्टी असते म्हणून बरं, समोरासमोर यावं लागत नाही. सर म्हणाले, "टीचर, आमचं बी तसंच हाय." मग त्यांनी बेंगळूरच्या एका शिबिराची गोष्ट सांगितली. कन्नड माध्यमाच्या शाळा वाचवायला निघालेले शिक्षक राज्यभरातून आले होते. चहाच्या वेळी हे शेजारच्या बाईंना म्हणाले, "एन माडाकत्तीरी?" काय करताय, एवढंच. बाई मैसूरकडच्या. त्यांनी आपल्या दोन मैत्रिणींना हाक मारली आणि म्हणाल्या, सर, परत एकदा म्हणून दाखवा ना, पिक्चरमधल्या विनोदी माणसासारखं. त्यांच्याकडे 'एन माडता इद्दीरा' म्हणतात. सरांनी म्हणून दाखवलं. "काय करणार? पाहुणे होतो की."

मग फळ्याकडे बघत ते जे म्हणाले ते मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. माडाकत्तीरीतलं 'हत्तु' म्हणजे लागणं. माडलिक्के हत्तीरी, करायला लागलात. आणि आमचं 'करूलालो' म्हणजे 'करू लागलो'च की, घाईत 'ग' गिळलेलं. म्हणजे बेंगळूरला त्यांच्या ज्या बोलण्यावर हसले आणि पुण्याला माझ्या ज्या 'करूलालो'वरही हसायचे, ते जवळजवळ एकच वाक्य होतं. आम्ही दोघं स्टाफरूममध्ये उगाचच बराच वेळ हसत बसलो. मग सर म्हणाले, "खरं सांगू टीचर? आमच्या बाजूचे लोक गुलबर्ग्याकडच्या गवंड्यांची नक्कल करतात ती तुम्ही ऐकला न्हाई." आणि आम्ही हसायचे थांबलो.

आता डोंबिवलीच्या काकांविषयी. मी त्यांना कधी भेटले नाही. फोटोत पांढऱ्या मिशा आहेत. २०२१ च्या मे महिन्यात माझी मावशी भोसरीत मुलाकडे होती, ऑक्सिजन खाली चालला होता, आणि रात्री दीड वाजता मी त्या ग्रुपवर लिहिलं होतं, कुणी आहे का. काकांनी फोन केला. पहाटे चारपर्यंत ते एकेका हॉस्पिटलला फोन लावत राहिले, मधूनमधून मला सांगत राहिले, घाबरू नकोस बेटा, आपली माणसं आहेत. साडेचारला खाट मिळाली. मावशी आज आहे. दरवर्षी ते आमच्याकडच्या दोन मुलांची फी भरतात, कुठल्या मुलांची तेही विचारत नाहीत. हाच माणूस लिहितो, कागद मराठीत दिला तरी हिला कळणार आहे का. ही दोन वाक्यं एकाच बोटांनी टाइप केली आहेत हे मला आजही नीट जुळवता येत नाही. त्यांना वाईट माणूस ठरवता आलं असतं तर माझं काम सोपं झालं असतं. त्यांच्यासाठी सीमाभाग म्हणजे बहुतेक नकाशावरची एक कडा असावी. तिथं किल्ला, भगवा आणि हुतात्मे असतात. अंगठा घालून परत येणारी, पदराला तंबाखूचा वास असलेली बाई तिथं बसत नाही. ती बाई बोलायला लागली की नकाशा बिघडतो.

आणि मला तरी कुठं चालत होती ती?

२०१८ च्या निवडणुकीनंतरची गोष्ट. २०१३ ला महाराष्ट्र एकीकरण समितीचे दोन आमदार निवडून आले होते, २०१८ ला एकही नाही. निकालाच्या संध्याकाळी आमच्या टिळकवाडीतल्या घरात सुतक होतं. नवऱ्यानं टीव्ही बंद केला. मी गॅलरीत उभी राहून ग्रुपवर लिहिलं, "शहराने साथ दिली, खेड्यातल्यांनी एका कुकरसाठी मराठीपण विकलं." त्या वर्षी निवडणुकीआधी गावोगाव काय काय वाटलं जात होतं हे सगळ्यांना माहीत आहे. माझ्या वाक्याला एकतीस अंगठे आले. मोजले होते, म्हणून आकडा लक्षात आहे. समितीचेच गट एकमेकांविरुद्ध उभे होते, याद्या कुणाच्या खोलीत बसून ठरल्या, खेड्यात शेवटच्या आठवड्याआधी कुणीच का फिरकलं नाही, हे कुणी लिहिलं नाही. मीही नाही. शहराने साथ दिली हे तरी मी कशावरून लिहिलं होतं? आमच्या अपार्टमेंटमधल्या निम्म्या लोकांनी कुणाला मत दिलं ते मला जिन्यातल्या गप्पांवरून चांगलं माहीत होतं. पण ते इंजिनिअर, डॉक्टर. त्यांनी बदललं तर तो 'विचार करून दिलेला कौल'. खेड्यातल्या बाईनं बदललं की कुकर.

महिन्याभरानं आईकडे गेले तर चुलीशेजारच्या गॅसवर नवा कुकर. पाच लिटरचा. झाकणावरचा स्टिकर तिनं खरवडून काढला होता, पण डिंकाचा चौकोन राहिला होता आणि त्याला पीठ चिकटलं होतं. मी विचारलं, हा कुठून आला. "दिलं, घेतलो," आई म्हणाली. मी काहीतरी बोलायला गेले तशी तिनं माझ्याकडे पाहिलं. "ते कुणाच्या बापाच्या घरातलं देत्यात? आपलंच हाय की. मत कुठं घालायचं ते तुझ्या बा पासून ठरलंय." मग तिनं कुकरला एक चापट मारली, म्हशीला मारावी तशी, आणि म्हणाली, "शिट्टी तेवढी बरी वाजत न्हाई." एकतीस अंगठ्यांचा तो मेसेज माझ्या पर्समधल्या फोनात होता. पुसायचा कुठला, चार वर्षं होऊनही तो तसाच होता.

तो व्हिडिओ आला त्या आठवड्याच्या रविवारी मी गावाकडे गेले. राजहंसगडाच्या पायथ्याचं गाव. बसमध्ये कंडक्टरनं विचारलं, "एल्लिगे?" मी सवयीनं कन्नडात "ओंदु कोडरी" म्हणत गावाचं नाव सांगितलं, त्यानं तिकीट फाडता फाडता मराठीत विचारलं, "सुट्टे हाईत काय बाई?" आमच्याकडे रोजचं हे इतकं असतं. बातमीत येतं ते वेगळं असतं, आणि तेही खोटं नसतं. खिडकीबाहेर रोप लावणी चालू होती. गुडघाभर चिखलात ओळीनं वाकलेल्या बायका, डोक्यावर प्लॅस्टिकच्या खोळी, निळ्या, पिवळ्या, खताच्या पोत्याच्या. वाकलेल्या पाठी बघून कुणाची बोली कुठली ते सांगता येत नाही. गड ढगात गेला होता, नुसता पायथा दिसत होता, वरचं सगळं पांढरं.

आईनं पाय धुवायला पाणी दिलं, कोरा चहा दिला, शेंगाचटणीची वाटी पुढे सरकवली. परड्यात भिजलेल्या पिंजराचा, भाताच्या काडाचा, आंबूस वास येत होता. फोन काढला आणि तिला तो व्हिडिओ दाखवला. का दाखवला, सांगता येत नाही. कबुली द्यायची होती असं आता म्हणायला बरं वाटतं, पण खरं तर तीही हसते का ते बघायचं असावं. ती हसली असती तर मी सुटले असते. आईनं फोन कानाशी धरला, मग लांब धरला, मग पुन्हा लावायला सांगितलं. तीन वेळा पाहिला. तिच्या चेहऱ्यावर मी डोळे लावून बसले होते. 'येतो'वर काही हललं नाही. हलणार कसं? तिच्यासाठी तिथं काही नव्हतंच.

"खरं सांगूलालीय की बाई," ती म्हणाली. "मागं सोसायटीत मीबी तसाच घालून आलो."

मग तिला काहीतरी आठवलं. उठून आतल्या खोलीत गेली, ट्रंक उघडल्याचा आवाज आला, आणि आईनं एक चौघडी घातलेला कागद आणून माझ्या मांडीवर ठेवला. "हे जरा बघ की. पंधरा दिवस झालं येऊन. शेजारचं पोरगं कॉलेजला गेलंय, कुणास विचारू." कागद कन्नडात होता. मी शाळेत कन्नड शिकले आहे, पण ते माझं दुकानाच्या पाट्या आणि बसच्या बोर्डापुरतं उरलेलं कन्नड. अक्षरं एकेक करून जोडत, पहिलीतल्या मुलीसारखी ओठ हलवत मी वाचायला लागले. एक जोडाक्षर अडलं. आई शेजारी बसून माझ्या बोटाकडे बघत होती, जणू बोट पुढे सरकलं की तिलाही कळेल. १५ टक्क्यांहून जास्त लोकांची भाषा असेल तिथं त्या भाषेत कागद द्या, ही मागणी मी किती मोर्च्यांत, किती निबंधांत लिहून घेतली आहे. तो कागद मांडीवर ठेवून कधी वाचला नव्हता. नवरा वाचतो, ऑफिसातलं कुणी वाचतं, सर वाचून देतात. मला आंगठा घालायची वेळ आली नाही एवढंच.

"घरपट्टी आहे," शेवटी मी म्हणाले. "भरायची राहिलीय म्हणतायत."

"भरलो की मी. मागल्या महिन्यात. पावती हाय." ती परत उठली, देवाच्या फोटोमागून पावती काढून आणली. पावतीही कन्नडातच. आकडे तेवढे दोघींना वाचता आले. आकडे जुळले. कुणाच्या तरी चुकीनं कागद आला होता, किंवा माझ्या वाचण्यात चूक होती. दोन्हीपैकी काय ते मला ठरवता येईना, म्हणून मी फोटो काढला, सरांना पाठवते म्हणाले. आईनं दोन्ही कागद एकात एक घालून परत चौघडी केली. नखानं घडीवर रेघ ओढली. चुलीवरची पातेली उतरवली, गॅसवर कुकर ठेवला, त्याच्या झाकणावर पाण्याचा हात फिरवला. डिंकाचा चौकोन अजून तिथंच होता, काळा पडलेला.

फोन जमिनीवर पडून होता. व्हिडिओ आपोआप पुन्हा सुरू झाला होता, आवाज बारीक. ती बाई मूठ वर करत होती.

"ह्याच्याखाली काय काय लिवलंय गं?" आईनं विचारलं. खाली कुणीतरी काहीतरी लिहितं हे तिला नातवंडांमुळे माहीत झालंय. "लोकं काय म्हणूलालीत तिला?"

मी म्हणाले, काही नाही, असंच, बरं बोलली म्हणतात.

"आणि तू? तू काय लिवलीस?"

कुकरची शिट्टी अर्धवट फुसफुसली आणि थांबली. आई उठेना, ती माझ्याकडेच बघत होती. मी म्हणाले, शिट्टी झाली बघ, गॅस बारीक करून येतो.